बऱ्हाणपूरच्या बाळंतिणी

रावेर-सावद्याकडच्या माणसाला बऱ्हाणपूर म्हटलं की मावा-जलेबी आठवते, केळीचा बाजार आठवतो, नाहीतर पॉवरलूमचा खडखडाट. इतिहासाची आवड असलेला हटकून असीरगड काढतो, अकबराने १६०१ साली घेतलेला. पण गावात सावकाश हिंडलं की एक गोष्ट नजरेत भरते. इथल्या मुघल काळातल्या दोन कबरींचा संबंध बाळंतपणात गेलेल्या बायकांशी आहे आणि तिसरी कबर एका दूधआईच्या नातवाची आहे.

पहिली कबर साडेतीनशेहून अधिक वर्षं रिकामी आहे. खानजहान लोदीच्या बंडाचा बंदोबस्त करायला शहाजहान दख्खनेत आला आणि बऱ्हाणपुरात तळ ठोकून बसला. सोबत बेगम अर्जुमंद बानू, म्हणजे मुमताज महल. १७ जून १६३१ला चौदाव्या बाळंतपणात ती गेली. वय अडतीस. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, चौदापैकी सात मुलं जगलेली. त्या दिवशी जन्मलेली गौहर आरा पुढे १७०६पर्यंत जगली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सगळं लक्ष ताजमहालाकडे. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्यात, देह तात्पुरता ठेवला गेला. डिसेंबरमध्ये शहजादा शुजा, हकीम वजीर खान आणि बेगमेची विश्वासू सतीउन्निसा तो आग्र्याला घेऊन गेले.

त्याच शुजाचं लग्न १६३३ साली सफावी घराण्यातल्या रुस्तुम मिर्झाच्या मुलीशी, बिल्किस बानूशी झालं. पुढच्याच वर्षी तीही याच गावात बाळंतपणात गेली. तिच्या कबरीचा घुमट फाकाफाकांचा, म्हणून लोक त्याला खरबुजी गुंबद म्हणतात. आतल्या भिंतींवरची रंगीत वेलबुट्टी अजून बरीच शाबूत आहे. तीन वर्षांत एकाच राजघराण्यातल्या सासू-सुना एकाच गावात, एकाच कारणाने. हकीम होते, सोनं होतं, हमाम होता. शाही किल्ल्यातला तो हमाम आजही पाहायला मिळतो. वरच्या छतावर नक्षीचे रंग तुकड्यातुकड्यांनी उरले आहेत, खाली दगडी हौद. मुमताजसाठीच तो सजवला, असं वाटाडे सांगतात. रक्तस्राव थांबवायला या सगळ्याचा उपयोग नव्हता.

तिसरी कबर उतावळी नदीच्या काठावर, काळपट दगडाची. तिथे निजलाय शाहनवाज खान, खरं नाव मिर्झा इरज, अब्दुर रहीम खानखानाचा मुलगा. रहीमने दख्खनचा कारभार याच गावातून वर्षानुवर्षं हाकला. कुंडी भंडाऱ्याचं, म्हणजे जमिनीखालून गावात आणलेलं, पाणी त्याच्याच काळातलं. इरजची आई माहबानू ही जीजी अनगाची मुलगी, आणि जीजी अनगा म्हणजे अकबराची दूधआई. मुघलांच्या घरात दूध पाजणाऱ्या बाईचा मान साधा नव्हता. तिचा नवरा ‘अतगा’ होई, तिची मुलं ‘कोका’, म्हणजे बादशहाची दूधभावंडं. जीजीचा मुलगा अजीज कोका अनेकदा अकबराशी उद्धट वागला आणि प्रत्येक वेळी दुधाच्या नात्यावर सुटला. दायांची मुख्य माहम अनगा हिचा मुलगा अधम खान याने १५६२ साली जीजीच्या नवऱ्याचा खून केला, तेव्हा अकबराने त्याला सज्ज्यावरून खाली फेकायला लावलं. दुधावरून दरबारात अशी घराणी उभी राहत आणि कोसळत.

आता मुमताजच्या मुलांच्या जन्मतारखा एका ओळीत मांडून पाहाव्यात. पहिली मुलगी मार्च १६१३, जहांआरा एप्रिल १६१४, दारा मार्च १६१५, शुजा जून १६१६, रोशनआरा सप्टेंबर १६१७, औरंगजेब नोव्हेंबर १६१८. सहा मुलं, आणि दोन बाळंतपणांत अंतर अकरा ते पंधरा महिन्यांचं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पुन्हा दिवस जायला सहसा वेळ लागतो. बाळ स्तनाला ओढतं तेव्हा मेंदूकडून प्रोलॅक्टिन सुटतं आणि बीज तयार होण्याची क्रिया लांबते. हमखास उपाय नव्हे हा, पण खेड्यापाड्यांतल्या बायकांनी हजारो वर्षं त्यावर भरवसा ठेवला. दूधआईच्या हाती मूल सोपवलेल्या बेगमेला हे संरक्षणही मिळत नसे. दाईच्या अंगावर बाळ आणि बेगमेच्या पोटात पुढचं, अशी ती व्यवस्था होती. तारखा पाहिल्यावर दुसरं काही म्हणवत नाही.

दूधआई ठेवण्यामागे प्रतिष्ठा होती, वारसाची घाई होती, आणि जगभरच्या श्रीमंत घरांत आणखी एक समजूत होती: पाजलं की बाईची छाती उतरते. ही समजूत अजून जिवंत आहे. बाळंतिणीला भेटायला आलेली एखादी मावशी दबक्या आवाजात ती सांगून जाते. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांच्याकडे स्तन उचलून घ्यायला किंवा मोठे करून घ्यायला येणाऱ्या आया हेच सांगत. म्हणून त्यांनी २००७च्या सुमारास अशा आयांची माहिती तपासली. गर्भारपणं किती झाली, वय किती, सिगारेट ओढते का, मुळात छाती केवढी होती, यांचा संबंध दिसला. पाजण्याचा दिसला नाही. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभारू नये, हे खरंच. पण निष्कर्षाची दिशा बरोबर असेल तर राजघराण्यांनी शतकानुशतकं उलटा हिशेब केला. छाती वाचवायला मूल दाईकडे दिलं, त्यामुळे गर्भारपणं वाढली, आणि छाती उतरवणारी गोष्ट नेमकी तीच.

साध्या घरांतली तऱ्हा वेगळी. खानदेशात आणि निमाडात बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नसे. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपेची धुरी, अळीव-डिंकाचे लाडू, जेवणानंतर चावायला बाळंतशोपा. सुईण रोज तेल चोळे आणि न्हाणं झालं की जुन्या लुगड्याची हातभर रुंद पट्टी पोटाभोवती फिरवी. एक टोक बाळंतिणीने स्वतः दाबून धरायचं, दुसरं सुईणीने कमरेमागून ओढून आणायचं, श्वास सोडायला सांगायचं आणि त्याच क्षणी गाठ मारायची. पोट आत जावं म्हणून ही मेहनत. छातीसाठी पट्टी नसे. तिथे चोळी होती. पुढे गाठ मारायची खणाची चोळी एका हाताने सुटते, बाळाला घेता येतं, आणि गाठ आवळली की छाती उचललेलीही राहते. शिंप्याच्या कलेत ही सोय कुणी नोंदली नाही, पण नऊवारीतल्या बायकांच्या पिढ्या त्या गाठीवर निभावल्या.

औषधंही होती. अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताच्या वैद्यकग्रंथात उतरलेल्या स्तनांसाठी श्रीपर्णीचं, म्हणजे शिवणीचं तेल सांगितलं आहे. शिवण सातपुड्यात उगवतेच. लोदी काळातल्या कल्याणमल्लाच्या ‘अनंगरंगा’तही असले लेप आहेत. गंमत अशी की तो ग्रंथ नवऱ्यांसाठी लिहिलेला आहे. लेप बाईला लावायचा, तक्रार मात्र पुरुषाची.

मुलं किती हवीत, हा प्रश्न मराठीत उघडपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७पासून १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसार सांभाळला. शरीराबद्दलचा निर्णय बाईचा, हे कर्वे ज्या थंडपणे लिहीत, तो थंडपणाच लोकांना जास्त झोंबला असावा.

रिंकर यांच्या पेशाचा, म्हणजे प्लास्टिक सर्जरीचा, मराठी मुलखाशी संबंध कर्व्यांहून जुना. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांकडे बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या माणसांनी कापलं. पुण्याजवळ एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक घडवलं. मुंबई इलाख्याच्या डॉक्टरांनी ते पाहिलं, चित्रकार जेम्स वेल्स याने १७९४च्या आरंभी कावसजीचं चित्र काढलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ते छापलं. ते वाचून जोसेफ कार्प्यूने प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. कापलेलं नाक परत मिळवणं आणि उतरलेली छाती भरून घेणं, यांत लोक फरक करतात. पहिल्याला उपचार म्हणतात, दुसऱ्याला नटणं. सर्जनच्या हाताला मात्र दोन्हीकडे तोच हिशेब करावा लागतो: रक्तपुरवठा, टाके, व्रण.

छाती भरण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न सौंदर्यासाठी नव्हताच. १८९५ साली हायडलबर्गच्या व्हिन्सेंझ चर्नी यांनी एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढल्यावर राहिलेली पोकळी तिच्याच कंबरेवरच्या चरबीच्या गाठीने भरली. मग पॅराफिनची इंजेक्शनं आली, आणि त्यांनी बायकांचे हाल केले. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये टॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनच्या पिशव्या पहिल्यांदा एका बाईच्या अंगात बसवल्या. त्याआधी एस्मराल्डा नावाच्या कुत्रीवर प्रयोग झाला होता. ती बाई टिमी जीन लिंडसी. सहा मुलांची आई, कपड्यांच्या कारखान्यात कामाला. ती इस्पितळात गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी नव्या पिशव्यांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्यापेक्षा माझे पुढे आलेले कान बसवून द्या. शेवटी दोन्ही झालं. जगातली पहिली इम्प्लांट घेणारी बाई मुलांची आई होती, पण ती मागणी घेऊन आली नव्हती. इतिहासातला हा तपशील जाहिरातींत येत नाही.

पुढचा प्रवास सरळ नाही. १९९२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर बंदी घातली. दावे वाढत गेले आणि ती बनवणाऱ्या डाऊ कॉर्निंगने १९९५ साली दिवाळखोरी जाहीर केली. २००६ साली जेल परत बाजारात आलं. २०१० साली फ्रान्समध्ये पीआयपी कंपनी औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरत असल्याचं उघडकीला आलं. २०१९ साली खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट एका दुर्मीळ लिम्फोमाच्या जोखमीमुळे जगभरातून परत मागवली गेली. भारतात २०१८ साली चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात गरीब बायकांसाठी ही शस्त्रक्रिया फुकट करायचं ठरलं, तेव्हा सरकारी पैशातून हे कशाला, असा गदारोळ झाला. पाठदुखीने वाकलेल्या बाईची छाती कमी करण्यालाही त्यात जागा होती, ते गदारोळात बुडालं.

बऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, पण अशा शस्त्रक्रियेसाठी इंदूर-इच्छापूर रस्त्याने इंदूरच गाठावं लागतं, नाहीतर महाराष्ट्रात उतरावं लागतं. आणि राज्यांच्या सीमेच्या दोन बाजूंना दोन वेगळे आकडे आहेत. २०१८ ते २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू मध्य प्रदेशात १७३ होते, महाराष्ट्रात ३३. केळी एकच, बोली बरीचशी एकच, महाराष्ट्रातून तिकडे सीमा ओलांडली की आकडा पाचपट होई. मुलं झाल्यावर छातीचं काय करायचं, हा विचार करण्याइतकी बाई आधी बाळंतपणातून सुखरूप उठावी लागते.

जिला विचार करायचा आहे तिला चांगला सर्जन आधी वाट पाहायला सांगतो. पाजणं बंद झाल्यावर छाती स्थिरावायला काही महिने, सहसा सहाएक, जावे लागतात. आणखी मूल हवं असेल तर तेही आधी ठरवायचं, कारण पुढचं गर्भारपण आकार पुन्हा बदलतं. बरेचदा बाईला पिशवी नकोच असते, कातडी उचलून घ्यायची असते. ती वेगळी शस्त्रक्रिया, वेगळे व्रण. इम्प्लांट जन्मभराची नसते. दहा-पंधरा वर्षांत पुन्हा टेबलावर जाण्याची तयारी ठेवावी लागते. सिलिकॉन आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून अमेरिकेचं औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करायला सांगतं. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा सहसा पैसे देत नाही. इंदूरला एकदा जाऊन हे संपत नाही; मूल कॉलेजात गेल्यावरही आईची तपासणीची तारीख येत राहते.