हजार यार्ड चढ आणि चार टायर

टायर बदलायची वेळ आली हे आपल्याकडे तीन हप्त्यांत कळतं. पहिल्यांदा टायर गुळगुळीत होतो, तेव्हा आपण म्हणतो, "अजून सहा महिने सहज निघतील." मग आतले दोरे डोकावू लागतात, तेव्हा पुढचा मागे आणि मागचा पुढे अशी, कारकुनांच्या बदल्यांसारखी, फिरवाफिरव होते. शेवटी भर रस्त्यात तो फट्‌दिशी आवाज करून स्वतःच निवृत्ती जाहीर करतो. पण त्यानंतरही त्याची सुटका नाही. त्याच्या चपला तरी होतात, नाहीतर आंब्याच्या फांदीला झोका तरी!

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितलं, की अमेरिकेत काही गृहस्थ कोरा करकरीत टायर विकत घेतात, आणि वर पुन्हा पैसे मोजून त्याची नक्षी मुद्दाम तासून घेतात, तर त्याने काय करावं? मी दोन वेळा ऐकून खात्री करून घेतली. खरं आहे. नक्षीचे ठोकळे उंच असले की वळणावर ते दातासारखे हलतात. तासले की घट्ट बसतात. असं करणारे हे लोक वेडे नव्हेत. ते हौशी शर्यतवाले आहेत.

या हौशी मंडळींतली एक जात आहे ती घाटशर्यतवाल्यांची. एक चढाचा रस्ता घ्यायचा, खाली एकेक गाडी उभी करायची आणि घड्याळ लावून वर पिटाळायची. शेजारून कोणी आडवं येत नाही, की कोणाला मागे टाकायचं नसतं. भांडण फक्त घड्याळाशी. यात खास शर्यतीच्या गाड्या असतातच. पण एक गट असा, की ज्या गाडीने सोमवारी ऑफिसात जायचं त्याच गाडीने रविवारी चढायचं. आणि गाडी एकच असली तरी टायर कोणते घालायचे, हा प्रश्न मात्र एकशेवीस वर्षांपूर्वीचा आहे.

म्हणजे बरोबर १९०५ सालचा. इंग्लंडातल्या वुस्टरशायर परगण्यात शेल्सली वॉल्श नावाचं खेडं आहे. मिडलंड ऑटोमोबाइल क्लबने तिथल्या एका चढावर १२ ऑगस्ट १९०५ रोजी पहिली स्पर्धा भरवली. अर्नेस्ट इन्स्टोन यांच्या पस्तीस हॉर्सपॉवरच्या डेमलरने ७७.६ सेकंदांत वर पोचून बाजी मारली. चढ तेव्हा हजार यार्डांना आठ यार्ड कमी होता. १९०७ साली तो पुरता हजार करण्यात आला. ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला यात किती समाधान वाटलं असेल, ते फक्त आम्हीच जाणे! सुमारे नऊशे चौदा मीटरचा हा चढ. आज तिथे सर्वांत वेगवान गाड्या तेवीस सेकंदांच्या आत पोचतात.

इंजिनं सुधारली म्हणून हे झालं, असं आपण पटकन म्हणतो. अर्धंच खरं. इंजिन कितीही दांडगं असलं तरी गाडी जमिनीला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढी. घोडे किती का बांधा. लगाम त्या चार तळहातांच्या हाती. त्या पहिल्या काळात पकड वाढावी म्हणून टायरवर चामड्याचा तळ चढवून त्यात पोलादी खिळे ठोकत. मिशलिन कंपनीच्या तसल्या टायरचं नावच मुळी चपलेच्या तळावरून ठेवलेलं होतं. फ्रेंचांनी टायरला चप्पल घातली, आपण टायरची चप्पल केली. शोधक बुद्धी दोन्हीकडे सारखीच, फक्त दिशा वेगळी!

पुढे घोडे वाढले आणि चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चढताना गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे काम मागच्या टायरांचं. तेव्हा १९३०च्या दशकात रेमंड मेज आणि इतरांनी मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं लावली. आपल्या मालट्रकला असतात तशी. एवढी देखणी शर्यतीची गाडी, आणि मागून पाहावं तर कांद्याची गाडी लासलगावला निघाल्यासारखी! पण वर पोचायची.

याच चढावरची एक कथा मला फार आवडते. १९३० साली हान्स श्टुक नावाचा गडी आला. युरोपातल्या घाटांवर इतका तरबेज, की लोक त्याला डोंगरांचा राजा म्हणत. ऑस्ट्रो-डेमलर गाडीतून त्याने ४२.८ सेकंदांचा विक्रम केला आणि इंग्रज थक्क झाले. सहा वर्षांनी, १९३६ साली, राजेसाहेब परत आले ते सोळा सिलिंडरांची ऑटो युनियन घेऊन. नेमका त्या दिवशी पाऊस आला. अख्ख्या जर्मनीची ताकद मागच्या चाकांत भरलेली, आणि चाकं चिखलात म्हैस लोळावी तशी नुसती फिरताहेत! वेळ लागला ४८.८ सेकंद. गाडी कितीतरी पट दांडगी, चालक तोच, चढ तोच. आणि सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःपेक्षा सहा सेकंद मागे.

युद्धानंतर मिशलिनने रेडियल टायर आणला. पेटंट १९४६चं, विक्री १९४९पासून. जुना आडव्यातिडव्या दोऱ्यांचा टायर घसरायच्या आधी बराच वेळ कुरकुर करायचा. रेडियल जास्त धरून ठेवतो, पण सुटला की एकदम सुटतो. आमच्या ऑफिसात दोन्ही स्वभावांची माणसं आहेत. विस्तार करत नाही.

पण घाटशर्यतीची खरी गोम वेगळीच आहे. मऊ रबर रस्त्याला चिकटतं, आणि शर्यतीचा टायर तर गरम झाल्याशिवाय रंगात येत नाही. गोल ट्रॅकवर दोन-चार फेऱ्यांत तो तापतो. इथे अध्यक्षांचा आवाज मोकळा होईपर्यंत सभाच संपते! म्हणून थंड असतानाच चिकटेल असा मऊ टायर हवा. मऊ म्हणजे लवकर झिजणारा. आणि झिजून गुळगुळीत झालेला टायर पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही.

यावर नियम आले. इंग्लंडच्या नियमपुस्तकात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी टायरांच्या याद्याच आहेत: साधे एका यादीत, चिकट दुसऱ्या. अमेरिकेत टायरवर झिजेचा आकडा छापलेला असतो. शंभर हा नमुन्याचा. दोनशे म्हणजे चाचणीत त्याच्या दुप्पट टिकणारा. बऱ्याच हौशी स्पर्धांत दोनशेच्या खालचा चालत नाही. फार छान! फक्त हा आकडा ठरवते कोण? टायर बनवणारी कंपनीच. म्हणजे अर्जदाराने स्वतःच्या सहीने स्वतःला दाखला द्यायचा. परिणामी 'दोनशे' छापलेले काही टायर गुळासारखे चिकटतात आणि गुळासारखेच संपतात.

माझा एक भाचा कॉव्हेंट्रीला असतो. तोही शेल्सलीला आपली रोजची छोटी गाडी घेऊन चढतो. परवा फोनवर चिकट यादीतल्या टायरांचं कौतुक सुरू झालं. मी किंमत विचारली, मग कागद घेतला.

"दिवसात किती वेळा चढतोस?"

"दोनदा सराव, दोनदा स्पर्धा."

"एका वेळेला?"

"चाळीसेक सेकंद."

"म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. आणि घरी जायला?"

"दीड तास. पण मामा, तू त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा हिशेब करू नकोस. आठवडाभर मी त्यांच्यावरच तग धरतो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. कॉमर्सला असलं काही शिकवत नाहीत. उत्तर त्याच्या बायकोने मागून दिलं, "परत येताना पोरं मागच्या सीटवर असतात."

त्याने साध्या यादीतले टायर घेतले. स्पर्धेच्या दिवशी कडेला खडूच्या रेघा मारल्या. वर जाऊन आल्यावर रेघ कुठवर पुसली गेली ते पाहून हवा कमी-जास्त करतात. त्याने तीनदा हवा बदलली. दिवसभर कडक ऊन होतं, रस्ता कोरडा ठणठणीत, आणि चिकट टायरवाले त्याच्या पुढे निघून गेले. तो त्याच्या गटात शेवटून दुसरा आला.

परतीच्या वाटेवर मात्र सगळा वेळ पाऊस होता. पोरं झोपली होती, म्हणाला.