कळस दिसतो, कठडा दिसत नाही

2017 च्या ऑक्टोबरमध्ये एकवीरा आईच्या मंदिराचा कळस चोरीला गेला आणि ते लगेच लक्षात आलं. येणारच. पायऱ्या चढून वर आलं की आपली नजर आधी कळसालाच शोधते. पण त्याच देवळाच्या पाठीमागे जे चैत्यगृह आहे, त्याच्या तोंडावरची कोरीव भिंत कधीकाळी बदलली गेली, हे किती जणांनी पाहिलंय?

लेणं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी तिथल्या लेखात सांगतो की हे जंबुद्वीपातलं सर्वात उत्तम शैलगृह. (गडी काही खोटं बोलत नव्हता!) दारांच्या बाजूची स्त्री-पुरुषांची मोठी जोडपी त्याच काळातली. त्यांच्या मधल्या बुद्धमूर्ती मात्र काही शतकांनंतरच्या. त्या बसवताना आधीच्या वेदिकेची, म्हणजे दगडात कोरलेल्या कठड्याची नक्षी छाटली गेली. जवळ उभं राहून बघा, कठडा मध्येच तुटतो.

हे दिसत नाही याचं कारण डोळे अधू आहेत असं नाही, लक्ष मोजकं असतं. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडूचे पास मोजायला लावले. खेळाडूंमधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं, तरी जवळपास निम्म्यांना ते दिसलंच नाही. आपलं लक्ष रांगेत, ओटीत, चपला कुठे काढल्या त्यात आणि पोरांच्या हातात.

त्यात पुन्हा आपण जन्मल्यापासून जे बघतो, तेच मूळचं वाटतं. डावीकडे महारठी अग्निमित्रणकाने दिलेला सिंहस्तंभ आहे. उजवीकडे त्याचा जोडीदार असावा आणि आज तिथे देऊळ उभं आहे, असं अभ्यासक मानतात. पण एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला देऊळ, यात आपल्याला काही चुकल्यासारखं वाटतच नाही.

आत छताच्या लाकडी कमानी आजही मूळच्याच आहेत. कळसाची बातमी झाली. यातली एखादी फळी निखळली, तर कुणाला कधी कळेल? ज्यांच्या घरी चैत्री यात्रेचे जुने फोटो असतील, त्यांनी माणसांच्या मागे काय दिसतंय ते नीट बघा आणि इथे टाका. वर्ष आठवत असेल तर तेही लिहा.