राखणदाराची जमीन

जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना दाट रान पाहून आम्हांस प्रश्न पडतो: या मुलखात रयतेची राखण पूर्वी कोण करीत असे? पुष्कळ ठिकाणी ते काम शेतसनद्यांचे होते. चाकरीबद्दल सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांचा निर्वाह चाले.

१८२४ साली कित्तूर पडले आणि इंग्रजी अमलाने या जमिनींवर हात घातला. शेतसनद्यांपैकीच संगोळ्ळीचा रायण्णा १८३० साली उठला. जांबोटीच्याच खानापूर तालुक्यात बिडीची कचेरी जळाली. मुलूख अस्वस्थ झाला. १८३१ साली नंदगड येथे त्यास फाशी देऊन सरकारने बंदोबस्त केला. कायद्याने तो बंडखोर खरा. परंतु राखणदाराचीच भाकरी काढून घेणाऱ्या सरकारकडे त्या अशांततेचा दोष जात नाही काय?

आमचे धर्मशास्त्र याबाबत कठोर आहे. चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजेस द्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. कर घेऊन रक्षण न करणारा राजा नरकास जातो, असे मनू म्हणतो. आज संविधानाने पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत. धनी बदलला तरी ऋण तेच आहे: सारा घेणाऱ्याने राखण केलीच पाहिजे.