निळ्या कांठांची साडी

वस्त्र हें केवळ देह झांकण्याचें साधन नव्हे. मनुष्य कोणाचा, हें तें न बोलतां सांगतें. म्हणूनच भारतांतील ख्रिस्तसभेच्या इतिहासांत वेषाचा प्रश्न पुनः पुनः उद्भवलेला दिसतो. धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करीत असतां, एका परदेशी धर्मभगिनीनें या देशाचें वस्त्र कसें व कां अंगीकारलें, याचा वृत्तांत वाचकांस सादर करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रश्न जुना आहे. रॉबर्ट डी नोबिली हे इटालियन येशूसंघीय धर्मगुरु १६०६ सालीं मदुरेस गेले व पुढें त्यांनीं संन्याशाचीं वस्त्रें धारण केलीं. त्यावरून मोठा वाद माजला. अखेर १६२३ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं त्यांना अनुकूल निर्णय दिला. १६५९ सालीं रोमच्या धर्मप्रचारमंडळानें पूर्वेकडे जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांस बजावलें कीं, जे आचार धर्मास व नीतीस उघड विरुद्ध नाहींत, ते लोकांस सोडावयास लावूं नयेत. तथापि गोव्यांत इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या हुकुमानें ख्रिस्ती पुरुषांचें धोतर व स्त्रियांची चोळी यांवरही बंदी घातली. एकाच ख्रिस्तसभेंत या दोन वृत्ति शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

अशा पार्श्वभूमीवर मदर तेरेसा यांचें चरित्र पाहावें. स्कोपये नगरांत २६ ऑगस्ट १९१० रोजीं जन्मलेली ही आल्बेनियन कन्या आयर्लंडमधील लोरेटो मठांत प्रविष्ट होऊन ६ जानेवारी १९२९ रोजीं कलकत्त्यास पोंचली. पुढें अनेक वर्षें एंटाली येथील सेंट मेरी शाळेंत त्यांनीं अध्यापन केलें. १० सप्टेंबर १९४६ रोजीं दार्जिलिंगला जातांना आगगाडींत त्यांना ईश्वरी हांक ऐकूं आली: मठ सोडून दरिद्र्यांतल्या दरिद्र्यांमध्यें राहावें व त्यांची सेवा करावी. आर्चबिशप फर्डिनांद पेरिये यांनीं उतावीळ केली नाहीं. जवळजवळ दोन वर्षें परीक्षेंत गेल्यावर १९४८ सालीं रोमची अनुज्ञा आली.

मग त्यांनीं निळ्या कांठांच्या साध्या, स्वस्त पांढऱ्या साड्या घेतल्या. निळा रंग पवित्र मरियेचा. फादर सेलेस्त व्हॅन एक्सेम यांनीं त्या आशीर्वादित केल्या. १७ ऑगस्ट १९४८ रोजीं ही साडी नेसून आणि खांद्यावर लहानसा क्रूस लावून त्या मठाबाहेर पडल्या. साडी नेसणाऱ्या धर्मभगिनी कलकत्त्यास नव्या नव्हत्या. संत ॲनच्या कन्या या संघाच्या बंगाली भगिनी साडीच नेसत व सेंट मेरी शाळेंत शिकवीत. ख्रिस्तसभेबाहेरही एका इंग्रज ॲडमिरलची कन्या मॅडेलिन स्लेड १९२५ सालीं साबरमतीस येऊन खादीची साडी नेसूं लागली व मीराबेन झाली होती. परंतु युरोपीय धर्मभगिनीनें आपल्या मठाचा सन्मान्य वेष उतरवून बाजारांतील गरीब बाईची साडी नेसावी, हें सामान्य नव्हतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. साडी नेसल्यानें कोणी परदेशी स्त्री आपोआप आपली होत नाहीं. हौसेनें नेसलेली साडी सायंकाळीं उतरतां येते. मदर तेरेसांनीं मात्र त्या साडीस शोभेल असें जिणें पत्करलें. पाटण्यास मेडिकल मिशन भगिनींच्या रुग्णालयांत त्या शुश्रूषा शिकल्या. डिसेंबरांत परत येऊन त्यांनीं मोतीझील वस्तींत उघड्यावर शाळा मांडली व काठीनें मातींत अक्षरें काढून मुलांस शिकविलें. १९ मार्च १९४९ रोजीं त्यांची एक बंगाली विद्यार्थिनी पहिली सहकारिणी म्हणून आली, आणि ७ ऑक्टोबर १९५० रोजीं संघास मान्यता मिळाली. पुढें टिटागड येथील कुष्ठरोगी आपल्या हातांनीं भगिनींच्या साड्या विणूं लागले. ज्यांच्या स्पर्शाला समाज भीत असे, त्यांच्या हातचें वस्त्र धर्मभगिनींनीं अंगावर घेतलें! १९७९ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांनाही मदरच्या अंगावर तीच साधी साडी होती. ४ सप्टेंबर २०१६ रोजीं त्या संतपदास पोंचल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सांगितलें कीं, धर्मभगिनींचा वेष साधा, विनयशील आणि देशकालास अनुरूप असावा. त्यानंतर भारतांतील अनेक संघांनीं साडी स्वीकारली. मदरनीं ती वाट सतरा वर्षें आधींच चोखाळली होती.

वसई व साष्टी येथें पोर्तुगीज अंमल आला आणि गेला, परंतु आमच्या ख्रिस्ती आयाआज्यांचें लुगडें राहिलें. पुढें मात्र शिकलेल्या लेकींना त्याच लुगड्याचा संकोच वाटूं लागला, हें कबूल केलें पाहिजे. परदेशांतून आलेल्या एका स्त्रीला जें वस्त्र मिळविण्यासाठीं रोमच्या अनुज्ञेची वाट पाहावी लागली, तें आम्हांस वारशानेंच लाभलें आहे. सणावारीं मिस्सेला तें नेसून येणारी वृद्ध माउली दिसतांच तरुण मंडळींनीं हंसूं नये, तिला पुढच्या बांकावर जागा द्यावी. आणि तें लुगडें आपण स्वतः नेसलें वा न नेसलें, तरी संत तेरेसांनीं ज्या गरिबांसाठीं साडी नेसली, ते गरीब आपल्या धर्मग्रामांतही आहेत याची आठवण या महोत्सवीं अवश्य ठेवावी.