गिरण्या थांबल्या, झांक्या निघत राहिल्या

गणेशोत्सव इंदुरात मराठी माणसांनी रुजवला, असे आपण अभिमानाने सांगतो. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री सारे शहर रस्त्यावर येते, ते गिरणी कामगारांमुळे. जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत एकामागून एक झांक्या सरकत येतात आणि उजाडेपर्यंत गर्दी हलत नाही.

1920च्या दशकात सर सेठ हुकुमचंद यांच्या मिलमधून ही प्रथा सुरू झाली. पुढे मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलही चढाओढीने उतरल्या. माग चालवणारे हात देखावे उभारू लागले, पुतळ्यांना यंत्रांच्या जोरावर हलते करू लागले. रामायण-महाभारतातले प्रसंग असत, तसे ताज्या घडामोडींवरचे देखावेही असत. सोबत आखाड्यांचे पहिलवान लाठी-बनेटी फिरवीत चालत. कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या माणसांनी हे प्रदर्शन फुटपाथवर बसून, मुलांना खांद्यावर घेऊन पाहिले.

हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली. थकलेल्या देण्यांसाठी कामगार 32 वर्षे झगडले. 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी 224 कोटी रुपये सुपूर्द झाले, तेव्हा त्यांतले कितीतरी जण हयात नव्हते. या साऱ्या काळात पगार नव्हता, तरी वर्गणी आणि नगर निगम, विकास प्राधिकरण यांच्या मदतीवर झांकी निघत राहिली.

आता मिलच्या 42.5 एकर जमिनीवर निवासी आणि व्यापारी संकुलाची योजना आहे. मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले, हे आपण तिथल्या नातलगांकडून ऐकले आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, चिमणी तेवढी शोभेला उरली. इंदुरातही पडीक जमिनीवर काही उभे राहण्याला आमचा विरोध नाही. पण झांकी बांधायला मोठे आवार लागते, सांगाडे ठेवायला जागा लागते आणि काम शिकवणारी जाणती माणसे जवळपास राहावी लागतात. नव्या वस्तीच्या आराखड्यात झांकीसाठी एक कायमची शेड असावी, ही मागणी आपल्यासारख्या जुन्या मंडळांनी लावून धरायला हवी.

तोवर एवढे तरी करू. यंदा चतुर्दशीच्या आधी मुलांना झांक्या तयार होतात तिथे घेऊन जाऊ आणि त्या घडवणाऱ्यांची नावे विचारून घेऊ.