कातडे कुजले, दगड उरला

मध्ययुगीन नगरांतील चर्मकाराची साक्ष भूमी सर्वत्र सारखीच देत नाही. रशियातील नोव्हगोरोद येथे १९३२ पासूनच्या उत्खननांत पाणथळ मातीने जोड्यांचे तळ व कातड्याचे तुकडे सहस्रावधी राखलेले आढळले. हैदराबादेतील मुसीकाठच्या अंबरपेठेपासून साताऱ्यापर्यंत दख्खनची माती मात्र पावसात भिजते, उन्हात तापते; तिच्यात कातडे कुजून जाते. येथे दगडालाच विचारावे लागते. साताऱ्याजवळील लिंब येथे १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर काळाने अलीकडची खरी; पण तिच्या काठावर मोटांच्या जागा आजही दिसतात. कातडे ढोराने कमवावे, मोट चांभाराने शिवावी, तेव्हा मळा भिजे. विहीर बांधविणाऱ्या विरूबाईंचे नाव शिलालेखाने राखले. मोट शिवणाऱ्याचे कोणी राखले नाही.