भुलवणारे हरीण : राजाचा विनोद आणि पारध्याचे पोट

१/ शिकाऱ्याचे पहिले शस्त्र धनुष्य नव्हे. सावजाच्या स्वभावाची ओळख हे होय. रत्नागिरीच्या सड्यांवर ही ओळख कातळात कोरलेली दिसते. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी सामावले आहेत. शेतीची दृश्ये मात्र या कातळशिल्पांत आढळत नाहीत. म्हणून ती कोरणारा समाज शिकारीवर जगत असावा, असे अभ्यासक मानतात. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली.

२/ ते लोक शिकार नेमकी कशी करत, हे कातळ सांगत नाही. झाडावर बसून सावजाला भुलवण्याची एक फार जुनी नोंद पाली भाषेतील कुरुंगमिग जातकात मिळते. त्यातील शिकारी फळे गळणाऱ्या झाडावर मचाण बांधतो आणि खाली आलेल्या हरणावर भाला फेकतो. कथेतले झाड आहे शिवण; रत्नागिरीच्या रानांतही ते वाढते आणि त्याची गळलेली फळे हरणे आवडीने खातात.

३/ एके दिवशी हरीण दूरच थबकते. अधीर झालेला शिकारी वरून त्याच्यापुढे फळे टाकतो. तेथेच त्याचा डाव उघडा पडतो, कारण झाडाचे फळ सरळ खाली पडते. पुढे फेकले जात नाही. हरीण परत फिरते. आमिष निसर्गाच्या नियमाबाहेर गेले की ते आमिष उरत नाही, हा धडा या कथेने शिकाऱ्यालाही दिला आणि सावजालाही.

४/ आता घाट चढून देशावर जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मृगया ही राजाच्या विनोदांपैकी एक आहे. पाळीव, शिकवलेल्या हरणाकरवी रानातले हरीण जवळ आणण्याची रीतही त्यात येते.

५/ ही युक्ती साधते कशी? माजावर आलेला काळवीट नर आपला टापू राखतो. त्या टापूत दुसरा नर दिसला की तो शिंगे रोखून धावून जातो. भूक त्याला सावध ठेवते. पण ईर्ष्या त्याला आंधळे करते.

६/ मुघलांनी याच स्वभावाचा उपयोग केला. ‘ऐन-ई-अकबरी’त अबुल फझल सांगतो की पाळीव हरणाच्या अंगी जाळे बांधून त्याला रानात सोडत. झुंजीत रानटी हरणाची शिंगे किंवा पाय त्या जाळ्यात अडकत आणि दडून बसलेले शिकारी धावून येत. जहांगीराने तर आपल्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखुपुरा येथे मनोरा उभारला. तोच आजचा हिरन मिनार.

७/ अशीच विद्या महाराष्ट्रात फासेपारध्यांच्या हाती होती. कळपाची वाट ओळखून फास लावणे, पक्ष्याची हुबेहूब साद घालून त्याला बोलावणे, हे ते पिढ्यान्‌पिढ्या शिकले. त्यांच्यासाठी तो विनोद नव्हता, पोट होते. राजाची मृगया ग्रंथात गेली. पारध्याचे नाव मात्र पोलिसांच्या नोंदवहीत गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली आणि पारधीही त्या यादीत ओढले गेले. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या मनातून तो अजूनही पुरता गेलेला नाही.

८/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला संरक्षण दिले, आणि ते आवश्यकच होते. परंतु त्यामुळे पारध्याचे उरलेसुरले साधनही गेले. संस्थानिकांची मुंडकी लावलेली दालने आज आपण कौतुकाने पाहतो. त्याच रानाचे बारकावे जाणणारा पारधी आपल्या इतिहासात क्वचितच भेटतो. मृगयेचा इतिहास वाचताना म्हणूनच एक प्रश्न सोबत ठेवावा : हे कौशल्य कोणाचे होते, आणि त्याची नोंद कोणी, कोणत्या वहीत केली?